इलिरियनांच्या नावाचा सातबारा

१४ ऑक्टोबर २०१४. बेलग्रेडच्या पार्टिझान स्टेडियमवर सर्बिया आणि अल्बेनिया यांच्यात युरो पात्रता फेरीचा सामना सुरू होता, स्कोअर शून्य-शून्य. मध्यंतराला थोडा वेळ असताना मैदानावर एक ड्रोन घिरट्या घालू लागला. त्याला लटकवलेल्या फलकावर अखंड अल्बेनियाचा नकाशा होता, दोन राष्ट्रपुरुषांची चित्रं होती, १९१२ च्या स्वातंत्र्याची तारीख होती आणि खाली एक शब्द होता, ‘ऑटोक्थोनस’, म्हणजे भूमिपुत्र. सर्बियाच्या एका खेळाडूनं तो फलक खाली खेचला, अल्बेनियाचे खेळाडू त्याच्या अंगावर धावून गेले, प्रेक्षक मैदानात घुसले आणि थांबलेला सामना पुन्हा सुरू झालाच नाही. पुढचे नऊ महिने गुणांचा निवाडा चालला. आधी सर्बियाला ३-० असा विजय बहाल करून वर तीन गुण कापले गेले, मग क्रीडा लवादानं तोच ३-० अल्बेनियाच्या पदरात टाकला.

‘भूमिपुत्र’ म्हटल्यावर त्यात काय काय भरता येतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. भांडण आहे कोसोव्होचं, म्हणजे २००८ मध्ये सर्बियापासून वेगळं झाल्याचं जाहीर करणाऱ्या, अल्बेनियन बहुसंख्येच्या प्रदेशाचं. अल्बेनियन बाजूचा दावा असा : आम्ही प्राचीन इलिरियनांचे, म्हणजे आद्रियातिक समुद्राच्या पूर्वेला राहणाऱ्या जुन्या लोकांचे वंशज, स्लाव (सर्ब त्यांतलेच) इथे आले सहाव्या-सातव्या शतकात, म्हणून कोसोव्हो आमचं. सर्ब बाजूचं उत्तर असं : तुम्ही इलिरियन नव्हेतच, तुम्ही डोंगरांतून मागाहून उतरलात, कोसोव्होत तर बरेचसे १६९० च्या सर्ब स्थलांतरानंतर, ऑटोमनांच्या आडोशानं आलात, म्हणून कोसोव्हो आमचं. दोन्ही पक्ष एकमेकांच्या पुराव्यावर तुटून पडतात. त्या ‘म्हणून’वर मात्र कोणी बोट ठेवत नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्याच्यावर आहे. अल्बेनियन लोक इलिरियनांचे वंशज असोत वा नसोत, कोसोव्होवर अधिकार कोणाचा हे त्यावरून ठरत नाही. या भांडणात सगळ्यात जास्त झळ बसली ती खुद्द इलिरियनांना. एवढं मोठं, गुंतागुंतीचं प्राचीन जग, आणि आपण त्याचा उपयोग केला तो सातबाऱ्यावर वारसनोंद लावण्यापुरता.

अल्बेनियन दावा नुसता हवेतला नाही, हे आधी मान्य करायला हवं. अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे. ग्रीक, स्लाव किंवा लॅटिन यांपैकी कोणाचीच ती पोटशाखा नाही. तिच्यात लॅटिनमधून आलेले शब्द इतके जुने आणि इतके झिजलेले आहेत की रोमन काळात ही भाषा बाल्कनमध्येच कुठेतरी बोलली जात होती, याबद्दल फारसा वाद उरत नाही. राजाला अल्बेनियनमध्ये ‘म्ब्रेट’ म्हणतात, ते मूळ ‘इम्पेरातोर’. दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमी ‘अल्बानोई’ नावाची एक टोळी आणि ‘अल्बानोपोलिस’ नावाचं गाव नोंदवतो, तेही आजच्या अल्बेनियाच्या भूभागात. आद्रियातिक समुद्राच्या पलीकडे, इटलीच्या टाचेत, मेसापिक भाषेचे काही शेकडा कोरीव लेख सापडले आहेत. त्या भाषेचं अल्बेनियनशी जवळचं नातं असावं असं मानणारे भाषाशास्त्रज्ञ आज कमी नाहीत. अल्बेनियनांचा उगम इलिरियनांत शोधण्याची कल्पना कोणा राष्ट्रवाद्यानं कोसोव्होसाठी घडवलेली नाही. योहान थुनमान या विद्वानानं ती १७७४ साली मांडली, तेव्हा अल्बेनिया नावाचं राष्ट्रच नव्हतं.

दुसरी गोष्ट मान्य करणं याहून अवघड आहे. इतिहासाचा आधार शोधण्याची गरज अल्बेनियनांना का भासली? कारण त्यांचं माणूसपणच नाकारलं जात होतं. सर्बियाचे माजी पंतप्रधान व्लादान जोर्जेविच यांनी १९१३ मध्ये, म्हणजे कोसोव्हो सर्बियाच्या ताब्यात आल्यावर लगोलग, असं लिहिलं की अल्बेनियनांमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत शेपटीची माणसं होती. १९३७ मध्ये वासो चुब्रिलोविच या इतिहासकारानं बेलग्रेडमध्ये एक टिपण मांडलं. अल्बेनियनांना कोसोव्होतून तुर्कस्तानकडे कसं हाकलावं, करांनी, पोलिसांनी, जमिनीचे कागद नाकारून कसं जेरीस आणावं, याचा त्यात तपशीलवार आराखडा होता. (हेच गृहस्थ तरुणपणी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारण्याच्या १९१४ च्या कटात होते आणि पुढे समाजवादी युगोस्लाव्हियात मंत्रीही झाले.) ज्याच्या हातातला जमिनीचा कागद फाडला जातो, त्यानं दोन हजार वर्षांपूर्वीचा कागद शोधायला निघावं, यात नवल ते काय? त्याच्या या धडपडीला हसण्याचा अधिकार बेलग्रेडला तरी नाही.

पण धडपड समजून घेणं वेगळं आणि तिचा निष्कर्ष मान्य करणं वेगळं. इलिरियन म्हणजे कोण, इथपासूनच घोळ सुरू होतो. हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलं होतं, याचा काहीच पुरावा नाही; ते दिलं ग्रीकांनी. रोमन लेखक थोरला प्लिनी ‘ज्यांना खरोखरचे इलिरी म्हणतात’ अशा एका लहानशा गटाचा वेगळा उल्लेख करतो. म्हणजे पहिल्या शतकातच जाणत्यांना दिसत होतं की एका टोळीचं नाव ताणून सगळ्या किनाऱ्याला लावलं गेलंय. तौलांती, एन्केले, अर्दिआई, लाबेआती, दाल्माती, लिबुर्नी, यापोदी, दार्दानी या सगळ्यांची राज्यं वेगळी, वैरं वेगळी. इ.स.पू. ३५९ च्या सुमारास बार्दिलिस या इलिरियन राजानं मॅसेडोनियाचा राजा पेर्दिक्कास याला चार हजार सैनिकांसह रणात मारलं, तेव्हा ‘इलिरियन राष्ट्र’ जिंकलं असं त्याच्या शेजारच्या टोळ्यांना वाटलं असेल काय? क्रोएशियातले भाषाशास्त्रज्ञ रादोस्लाव कातिचिच यांनी व्यक्तिनामांचा अभ्यास करून दाखवलं की ज्याला आपण इलिरिया म्हणतो त्या पट्ट्यात नावांचे निदान तीन वेगवेगळे प्रदेश होते. उत्तरेच्या लिबुर्नींची नावं आजच्या उत्तर अल्बेनियातल्या श्कोडरच्या आसपासच्या नावांशी जुळत नाहीत. आणि कोसोव्होच्या संदर्भात ज्यांचा सतत हवाला दिला जातो त्या दार्दानींच्या मुलखात पश्चिमेला इलिरियन, तर पूर्वेला थ्रेशियन, म्हणजे पूर्व बाल्कनमधल्या दुसऱ्या प्राचीन लोकांच्या धाटणीची नावं सापडतात.

मायभूमीच्या नकाशाचीही तीच गत. ग्रीकांसाठी इलिरिया म्हणजे एपिरसच्या (आजच्या वायव्य ग्रीसच्या) उत्तरेचा किनारा आणि त्यामागचे डोंगर. रोमन आले, त्यांनी इलिरिकम नावाचा प्रांत केला आणि तो पार डॅन्यूबपर्यंत नेला. त्यांच्या जकात खात्याचं ‘इलिरिकम’ तर आल्प्सपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलं होतं. चौथ्या शतकात याच नावाच्या महाप्रांतात मॅसेडोनिया, अथेन्स आणि क्रीटसुद्धा गेले. यातला कोणता नकाशा खरा धरायचा? जकातीचा धरला तर बल्गेरियावर दावा सांगता येईल, महाप्रांताचा धरला तर ॲक्रोपोलिसवर. दावेदार आपल्याला सोयीचा नकाशा उचलतो आणि मग म्हणतो, इतिहास बोलतोय.

आणि इलिरियन भाषेचं म्हणाल तर पुरावा अक्षरशः मूठभर आहे. माणसांची नावं, गावांची नावं, ग्रीक-लॅटिन लेखकांनी जाता जाता टिपलेले दोन-चार शब्द. त्यांत ‘सबाया’ हा एक, धान्यापासून केलेल्या गावठी दारूचा. सम्राट व्हालेन्सला त्याचे शत्रू तटावरून ‘सबायावाला’ म्हणून चिडवत, असं रोमन इतिहासकार अम्मिआनस मार्सेलिनस सांगतो. बाल्कनमध्ये इलिरियनमधला एकही निर्विवाद कोरीव लेख आजवर मिळालेला नाही. मिळाला असं एकदा वाटलं होतं. श्कोडरजवळ काला-दाल्माचेस इथे एक अंगठी सापडली, तिच्यावरची अक्षरं इलिरियन म्हणून वाचली गेली आणि तीन शब्दांवर पानंच्या पानं लिहिली गेली. १९५८ मध्ये कळलं की ती अंगठी बायझंटाइन काळातली, लेख ग्रीक, आणि मजकूर ‘देवा, ॲनाला साहाय्य कर’. हा विनोद वाटेल, पण ज्यांना शोधण्याआधीच माहीत असतं की काय सापडणार आहे, त्यांच्या हाती असंच काहीतरी लागतं. १९३० च्या दशकात जर्मन विद्वानांना इलिरियन पोलंडपासून स्पेनपर्यंत सगळीकडे दिसू लागले होते. त्यांचे अग्रणी हान्स क्राहे यांनी पुढे तो पसारा स्वतःच आवरता घेतला.

इलिरियनांवर हक्क सांगणारे अल्बेनियन पहिले नाहीत. नेपोलियननं १८०९ मध्ये ऑस्ट्रियाकडून किनारपट्टी घेतली आणि तिला ‘इलिरियन प्रांत’ असं नाव दिलं, राजधानी ल्युब्लियाना. पुढे ल्युदेवित गाइ आणि झाग्रेबमधल्या त्यांच्या सोबत्यांनी दक्षिणेकडच्या सगळ्या स्लावांना एका भाषेखाली, एका नावाखाली आणायचं ठरवलं, आणि नाव निवडलं इलिरियन. त्यांचं वर्तमानपत्र ‘इलिरियन’, त्यांची चळवळ ‘इलिरियन’, आणि स्लाव हेच इलिरियनांचे वंशज असा त्यांचा मनापासून विश्वास. व्हिएन्नाला त्या नावाची इतकी धास्ती वाटली की १८४३ मध्ये त्यावर बंदी घातली गेली. म्हणजे ज्या पूर्वजांच्या आधारे आज स्लावांना उपरं ठरवलं जातं, तेच पूर्वज अवघ्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी स्लावांचे होते. क्रोएशियानं तो वारसा सोडला तो नवे पुरावे मिळाले म्हणून कमी, आणि राजकारणाला ‘क्रोएट’ हे नाव जास्त सोयीचं झालं म्हणून अधिक.

अल्बेनियात तो वारसा खऱ्या अर्थानं सरकारी झाला तो कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या काळात. युगोस्लाव्हियाशी फारकत, मग रशियाशी, शेवटी चीनशीही. एकट्या पडलेल्या राजवटीला एक असा पूर्वज हवा होता जो कोणाचंच देणं लागत नाही. इलिरियन त्या साच्यात चपखल बसले. पुरातत्त्वाला पैसा मिळाला, १९७२ मध्ये राजधानी तिरानात इलिरियन अभ्यासाची मोठी परिषद भरली, आणि १९७५ च्या फर्मानानं ‘अयोग्य’ नावं बदलायला लावली. १९६७ मध्ये धर्मावर बंदी आलीच होती. आता ख्रिस्ती आणि मुस्लिम नावांच्या जागी इलिर, अग्रॉन, तेउता, बार्धिल अशी नावं बाळांना द्यावीत असा आग्रह सुरू झाला. गंमत अशी की ज्या अग्रॉन राजाचं नाव देशभक्तीची खूण झालं, तो ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसच्या सांगण्याप्रमाणे विजयाच्या आनंदात इतका प्यायला की त्यातच आजारी पडून मेला. या काळात झालेलं उत्खननाचं काम सगळंच टाकाऊ नाही. बरंचसं चांगलं आहे. पण प्रश्न आधीच सुटलेला होता आणि पुराव्यानं फक्त होकार द्यायचा होता.

मग जनुकशास्त्राकडे जाऊ, असं हल्ली दोन्हीकडचे तरुण म्हणतात. गेले असते तर बरं झालं असतं. २०२३ मध्ये बाल्कनमधल्या शंभराहून अधिक प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार आजच्या बाल्कन लोकांच्या वंशातला ३० ते ६० टक्के वाटा स्लाव स्थलांतराशी जोडलेला आहे. याचा उलटा अर्थ नीट वाचा : सर्ब, क्रोएट, बोस्नियन यांच्या अंगातही उरलेला मोठा वाटा स्लाव येण्याआधीच्या रहिवाशांचा आहे. रक्ताच्या हिशेबानं वारसनोंद लावायची तर मग सगळ्यांचीच लावावी लागेल. भाषा एका बाजूनं येते, रक्त चार बाजूंनी. जो सर्ब इतिहासकार अल्बेनियनांना इलिरियनपण नाकारतो, त्याच्या स्वतःच्या आज्या-पणज्यांत इलिरियन बायका असण्याची शक्यता बरीच आहे.

सर्ब युक्तिवादातला सगळ्यात भक्कम पुरावा प्राचीन नाही, मध्ययुगीन आहे. कोसोव्होतले जुने सर्ब मठ : १३२१ चं ग्राचानित्सा, चौदाव्या शतकातलं देचानी, पेचचं धर्मपीठ. १४५५ च्या ऑटोमन महसुली नोंदीत कोसोव्होतली बहुसंख्य नावं स्लाव आहेत. अल्बेनियन अभ्यासक म्हणतात की चर्च स्लाव होतं म्हणून बाप्तिस्म्याची नावं स्लाव. त्यांच्या म्हणण्यात काही अंशी तथ्यही आहे. पण समजा नसलं? समजा १४५५ मध्ये तिथे एकही अल्बेनियन घर नव्हतं. त्यावरून १९९९ मध्ये सर्ब फौजांनी आठ लाखांहून अधिक अल्बेनियनांना सीमेपार हुसकावणं योग्य ठरतं? ठरत नसेल, तर मग त्या नोंदवहीवर दोन्ही बाजू इतकी शाई का खर्च करताहेत?

ग्रीसचं उदाहरण इथे बोलकं आहे. १८३० मध्ये, लंडनमध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं त्याच वर्षी, याकोब फालमेरायर या जर्मन इतिहासकारानं जाहीर केलं की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही, ते सगळे स्लाव आणि अल्बेनियन. अथेन्सच्या विद्वानांनी पुढची कित्येक दशकं ते खोडून काढण्यात घालवली. फालमेरायर चुकलाच होता. पण तो बरोबर असता, तर ग्रीसनं स्वातंत्र्य परत करायचं होतं का? आपल्याकडेही याला जवळचा वाद झाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आर्यांच्या आक्रमणाचं सूत्र उलटं फिरवून ब्राह्मणी वर्चस्वावर घाव घातला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमाचा शोध घेताना तोच आर्यवंशाचा सिद्धान्त तपासला आणि नाकारला. त्यामुळे त्यांच्या समतेच्या मागणीला तसूभरही बाधा आली नाही, कारण ती मागणी प्राचीन काळी कोण आधी आलं यावर कधी उभीच नव्हती.

एक गंभीर आक्षेप उरतो. ऑस्ट्रेलियातले किंवा अमेरिकेतले मूळनिवासी जमिनीवर हक्क सांगतात तेव्हा ‘आधी कोण’ हाच तर प्रश्न असतो; तो हक्क मानायचा आणि अल्बेनियनांचा नाही, हा दुजाभाव नाही का? नाही. तिथे जमीन कोणी, कधी, कोणत्या कायद्यानं किंवा कोणता करार मोडून घेतली याच्या नोंदी आहेत. ज्यांचं नुकसान झालं त्यांचा समाज सलग चालत आलेला आहे आणि ज्या सत्तेनं ते केलं तीही. सहाव्या-सातव्या शतकात डॅन्यूब ओलांडून आलेल्या स्लाव टोळ्यांविरुद्ध आज नुकसानभरपाई कोणाकडे मागणार? उलट १९१२ नंतरच्या वसाहतीकरणाचे, १९३७ च्या टिपणाचे, १९८९ मध्ये कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतल्याचे कागद आहेत. अल्बेनियनांची खरी बाजू तिथे आहे, आणि ती इतकी भक्कम आहे की तिला तेउता राणीच्या टेकूची गरज नाही.

तेउतेचं नाव निघालंच आहे, तर या वादानं काय झाकलं जातं तेही पाहू. अग्रॉनच्या मृत्यूनंतर ती अर्दिआईंची सत्ता चालवू लागली. पॉलिबिअस सांगतो की रोमचे वकील चाचेगिरीची तक्रार घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, समुद्रावर लूट मिळवण्यापासून प्रजेला अडवण्याची इलिरियन राजांची रीत नाही. धाकट्या वकिलानं उद्धट उत्तर दिलं, आणि परतीच्या वाटेवर त्याचा खून झाला. इ.स.पू. २२९ मध्ये रोमनं पहिल्यांदा आद्रियातिकच्या पूर्व किनाऱ्यावर सैन्य उतरवलं ते या निमित्तानं. पण ॲपियन हा दुसरा इतिहासकार हीच हकिगत वेगळी सांगतो : वकील तिला भेटलेच नाहीत, समुद्रातच मारले गेले, आणि अग्रॉन तेव्हा जिवंत होता. मग तो बाणेदार संवाद घडला तरी का? की आक्रमणाला सबब हवी म्हणून एका बाईच्या तोंडी घातला गेला? इलिरियनांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं त्यांच्या शत्रूंनी लिहिलंय, आणि ते कसं वाचायचं हा खरा रसाळ प्रश्न आहे. तेउतेला राष्ट्रमाता करणाऱ्यांनाही तो नको असतो आणि नुसती चाच्यांची राणी म्हणून उडवून लावणाऱ्यांनाही.

तिच्यानंतर साठेक वर्षांनी, इ.स.पू. १६८ मध्ये, गेंटिअस राजा श्कोडरमध्ये शरण आला. इ.स. ६ मध्ये मात्र दाल्माशिया आणि पॅनोनियातल्या टोळ्यांनी असा उठाव केला की रोमन चरित्रकार सुएटोनिअस त्याला कार्थेजनंतरचं सर्वांत कठीण परकीय युद्ध म्हणतो. तीन वर्षांनी बातो हा नेता रोमन सेनापती टायबेरिअसपुढे उभा राहिला. बंड का केलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, दोष तुमचा रोमनांचा. कळप राखायला तुम्ही कुत्रे किंवा मेंढपाळ पाठवत नाही, लांडगे पाठवता. बातोची टोळी राहायची मध्य बोस्नियात. तिथे आज बोस्निआक, सर्ब आणि क्रोएट राहतात, म्हणून तिरानाच्या कथेत त्याला दुय्यम जागा आणि बेलग्रेडच्या कथेत जागाच नाही. साराजेव्होच्या पूर्वेला ग्लासिनाच पठारावर हजारो दफन-टेकाडं आहेत, ब्राँझयुगापासून लोहयुगापर्यंतची. ती कोणत्या आधुनिक राष्ट्राची, हा प्रश्न विचारला की त्यांच्याकडून काहीच कळत नाही. माणसं कशी पुरली, सोबत काय ठेवलं, ग्रीक भांडी तिथवर कशी पोचली, हे विचारलं की बरंच कळतं.

कोसोव्होनं स्वतः काय केलं? तिथले अल्बेनियन नेते आणि अध्यक्ष इब्राहिम रुगोवा यांना देशाचं नाव दार्दानिया, म्हणजे प्राचीन दार्दानींच्या मुलखाचं, हवं होतं. त्यांनी पुढे आणलेल्या ध्वजावर ते नाव लिहिलेलंही होतं. १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा निवडला गेला तो निळा ध्वज, त्यावर देशाचा सोनेरी नकाशा आणि सहा समाजांसाठी सहा तारे. दार्दानिया नाही, अल्बेनियाच्या ध्वजावरचा दुतोंडी गरुडही नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २२ जुलै २०१० च्या सल्लागार मतात ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही असं म्हटलं, तेही प्राचीन वंशावळीकडे ढुंकूनही न बघता. या ध्वजाकडे पाहून कोणाला भरून येत नाही, हे मान्य; लग्नाच्या वरातीत अजूनही लाल कापडावरचा काळा गरुडच नाचतो, आणि उत्तर मित्रोवित्सातले सर्ब त्या सहा ताऱ्यांतला आपला तारा ओळखायला तयार नाहीत. २००४ च्या मार्चमध्ये अल्बेनियन जमावांनी जाळलेली सर्ब चर्चं पाहता त्यांच्या अविश्वासाला कारणही आहे. पण ज्यांनी तो ध्वज निवडला त्यांना दार्दानिया ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या नावावर मिश्र वस्तीचा देश चालवता येणार नाही, एवढं त्यांनी, परक्या देशांच्या दबावाखाली का होईना, कबूल केलं होतं.